बेसिनखालच्या तपकिरी बाटल्या

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कामावरच्या फळ्यावर एक कागद लागला. दोन नंबरची बोअर उद्या, शनिवारी, दुपारी बारा वाजता सिमेंटने बुजवण्यात येईल, एवढंच त्यावर होतं आणि खाली मोठ्या साहेबांची सही. चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारल्या होत्या. म्हणजे कागद वाऱ्याने उडून जाईल अशीही आशा नव्हती. जमलेल्या माणसांनी तो वाचला आणि कुणी सांगितलं नसताना सगळ्यांनी मान वळवून पंपवाल्याकडे पाहिलं. पंपवाला आपली टोपी झटकत उभा होता. त्याने ती तीनदा झटकली. टोपीवर धूळ नव्हती.

त्याची बायको दोन पावलं मागे उभी होती. तिला कामावर सगळे बाटलीमावशी म्हणत, कारण प्रयोगशाळेच्या खोलीत नमुन्याच्या बाटल्या धुणं, भरणं आणि त्यांच्यावर नंबर घालणं हे तिचं काम. चारचौघांत नवऱ्याची समजूत घालणं म्हणजे त्याच्या फजितीवर शिक्का मारणं, हे तेहेतीस वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं. तिने फक्त डब्याची पिशवी त्याच्या हातातून आपल्या हातात घेतली आणि म्हणाली, "चला."

मावशी मूळची बाटल्यांची नव्हे, रंगाची. लग्न होऊन ती आली रंगाऱ्याच्या घरात. दारापुढे अंगण, अंगणात सहा पिंपं आणि पिंपांवर वाकलेले सासरे. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. एकुलत्या एका मुलाला या धंद्यात काडीचा रस नव्हता. पिंपातलं पाणी उपसायला सासऱ्यांनी एक छोटा पंप आणला, तर हा पठ्ठ्या रंगाकडे पाठ करून दिवसभर पंपाशीच गुजगोष्टी करत बसे. शेवटी सासरे सुनेला म्हणाले, "तो गेला हातचा. तू तरी शीक, पोरी." सून शिकली.

पण सुखासुखी नाही शिकली. पहिल्याच वर्षी एका हॉटेलच्या चाळीस चादरी रंगवायला आल्या होत्या, पिवळ्याधमक. सासरे परगावी गेलेले. वाळवायची घाई, म्हणून हिने चादरी मागच्या छपराखाली न टाकता अंगणात, कडकडीत उन्हात टाकल्या. संध्याकाळी काढायला गेली तर वरची बाजू एक आणि खालची भलतीच. सासरे परत आले. त्यांनी एक चादर उचलून दोन्ही अंगांनी पाहिली. ओरडले नाहीत. ती चादर त्यांनी कामाच्या खोलीच्या दाराला पडदा म्हणून लावली आणि ती तिथे अकरा वर्षं राहिली. रोज सकाळी आत शिरताना तो फिका पडदा बाजूला सारावा लागायचा. "पिवळा सगळ्यांत उनाड," सासरे एकदाच म्हणाले होते. "तुझी पाठ वळली की पळाला. त्याला सावलीत कोंडायचा."

सासऱ्यांची आणखी एक सवय तिने उचलली. प्रत्येक पिंपातून माल निघाला की त्याच रंगात बुडवलेली एक चिंधी, वर तारीख लिहून, पत्र्याच्या पेटीत जायची. पुढे कुणी भांडायला आलं की सासरे पेटी उघडत. "गिऱ्हाईक खोटं बोलत नाही," ते म्हणत, "पण त्याच्या लक्षात राहत नाही, आणि आपल्याही नाही. चिंधीच्या राहतं."

सासरे गेले, बाजारात रंगीत कापड गाड्या भरभरून येऊ लागलं आणि एक-एक करत पिंपं उपडी पडली. नवरा तोवर या कामावर पंपावर लागला होता. बाटल्या धुवायला बाईमाणूस हवं आहे असं कळल्यावर त्याने तिचं नाव सांगितलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "इथं नक्की करतात तरी काय हो?"

"जमिनीखालच्या उबेवर वीज करायची," तो म्हणाला. "चार किलोमीटर खाली दगड आहे. तापलेला, पण कोरडा ठणठणीत. एका बोअरमधून थंड पाणी खाली सोडायचं, ते दगडातून तापत तापत जायचं आणि शेजारच्या बोअरमधून गरम होऊन वर यायचं."

"दगडातून पाणी जाईल कसं?"

"त्यासाठीच तर मी आहे ना! दगडाला आधीच बारीक भेगा असतात, पण वरच्या वजनानं दाबून बंद झालेल्या. तिथं जबरदस्त जोरानं पाणी दाबायचं. भेग उघडते आणि तिची एक बाजू जराशी सरकते. एकदा सरकली की मग पुरती मिटत नाही."

"आपल्या न्हाणीच्या दारासारखं," मावशी म्हणाली. "चौकट सरकली तेव्हापासून फट आहे ती आहे."

"ते दार मी करणार आहे दुरुस्त."

"चार वर्षं ऐकतेय."

तो दाब देण्याचं काम या मोसमात अकरा दिवस चाललं. एक नंबरच्या बोअरवर ओळीने आठ पंप, आणि त्यांचा मुख्य माणूस हा. मावशी दुपारचा डबा घेऊन जायची तेव्हा तो दाबाच्या काट्यावर नजर लावून बसलेला असायचा. हाका मारल्या तरी ओ द्यायचा नाही. आठव्या दिवशी सकाळी चढत चाललेला काटा अचानक खाली आला. बाकीचे म्हणाले, पंप थांबवा. हा म्हणाला, "थांबवायचं कशाला? आता तर दगडानं दार उघडलंय. उंबऱ्यावरून परत फिरू?" त्याने पंप आणखी पाच तास पूर्ण जोरात चालवले. मोठ्या साहेबांनी तेव्हा मान डोलावली होती.

पुढे दोन नंबरच्या बोअरमधून पाणी आलं, गरमही होतं. पण ते एक नंबरमधूनच आलं, की खाली आधीपासून साठलेलं होतं? हे ठरवायला एक नंबरमध्ये रंग सोडला. अंधारात चकाकणारा, पिवळा-हिरवा. तो रंग दोन नंबरच्या पाण्यात सापडला, तर दोन्ही बोअर आतून जोडल्या गेल्या. नाही सापडला, तर पाणी भलतीकडेच मुरलं आणि अकरा दिवसांची मेहनत पाण्यात. वीस दिवस, दिवसातून चार वेळा मावशी दोन नंबरच्या नळाखाली बाटली धरायची. पाण्यात रंग इतका थोडा असणार होता की नुसत्या डोळ्यांना तो दिसणार नव्हता. त्यासाठी चमक मोजायचं यंत्र होतं. पण ते यंत्र नेमकं बिघडलं आणि दुरुस्तीला गेलं. तोपर्यंत बाटल्या सांभाळायच्या होत्या.

त्या सांभाळल्या केमिस्टबाईंनी. बाई तरुण, हुशार आणि टापटिपीच्या. आधीचे केमिस्ट नोकरी सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी बाई पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या. तिथे पाण्यातले क्षार मोजायचे. क्षाराला ऊन काय आणि सावली काय. आधीचे गृहस्थ तपकिरी बाटल्या वापरायचे आणि कपाटात ठेवायचे. का, ते त्यांनी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. गोदामातल्या तपकिरी बाटल्या संपल्या, तेव्हा पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या आल्या. बाईंनी खिडकीत तीन फळ्यांची मांडणी बसवून घेतली आणि बाटल्या नंबराप्रमाणे लावल्या. पाहणाऱ्याला बरं वाटावं असंच ते दृश्य होतं. मोठे साहेबसुद्धा म्हणाले होते, "याला म्हणतात काम!"

मावशी मात्र प्रत्येक वेळी दोन बाटल्या भरायची. एक मांडणीची, एक आपली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला चिंधीची सवय होती, इतकंच. आपल्यासाठी नव्या बाटल्या मागायची सोय नव्हती, म्हणून तिने प्रथमोपचाराच्या खोलीतल्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या, घासूनपुसून लख्ख केल्या आणि भरून बेसिनखालच्या कपाटात ठेवल्या. मांडणीवर जो नंबर, तोच आपल्या बाटलीवर, त्याच निळ्या पेनाने.

गुरुवारी यंत्र दुरुस्त होऊन आलं. शुक्रवारी मांडणीवरच्या ऐंशी बाटल्या तपासल्या. ऐंशीच्या ऐंशी शून्य. साहेबांनी अहवालात लिहिलं की आठव्या दिवशी पंप वेळेवर न थांबवल्याने भेग भलत्या दिशेला गेली असावी. आणि फळ्यावर कागद लागला.

घरी आल्यावर पंपवाल्याने न्हाणीचं दार काढून ओट्यावर आडवं ठेवलं आणि रंधा मारायला घेतला. मावशी बघत राहिली. सहा वर्षांत ज्याला मुहूर्त लागला नाही ते काम नवरा आज करतोय, म्हणजे दुखणं खोल आहे.

"राहू द्या ना आता. जेवून घ्या."

"चार महिन्यांनी रिटायर होणार. लोक म्हणतील, जाता जाता बोअर बुडवून गेला."

"लोक काय, लोकांना जीभ आहे."

"अगं, पण काटा पडला तो मी पाहिला! तीस वर्षं काटाच बघतोय. तो असा पडला की… समोरून कुणीतरी कडी काढावी तसा."

"मग तसंच असेल."

"तुझ्या म्हणण्यानं काय होतंय? बाटल्या नाही म्हणाल्या."

मावशीने उठून दाराचं दुसरं टोक धरलं. दार त्या संध्याकाळी झकास बसलं.

शनिवारी सकाळी सात वाजता ती प्रयोगशाळेत गेली. बाईंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "मावशी, त्या सगळ्या ओता आणि बाटल्या धुऊन टाका." मावशीने पदर खोचला आणि एक नंबरपासून सुरुवात केली. झाकण काढायचं, पाणी ओतायचं, बाटली कोमट पाण्यात टाकायची, चिठ्ठी भिजली की सोलायची. सतरा बाटल्या झाल्या. अठराव्या बाटलीची चिठ्ठी सोलताना तिचा अंगठा थांबला.

चिठ्ठीवरचा आकडा वाचता येईना. तिनेच घातलेला, ठळक निळा आकडा. आता नुसती राखाडी सावली उरली होती. तिने उरलेल्या बाटल्या पाहिल्या. ज्या चिठ्ठ्यांची तोंडं खिडकीकडे होती त्या सगळ्या फिक्या. ज्यांची खोलीकडे, त्यांच्यावरचं निळं अजून शाबूत.

ती खाली बसली आणि बेसिनखालचं कपाट उघडलं. आपली अठरा नंबरची बाटली काढली. आकडा निळाशार, काल लिहिल्यासारखा.

क्षणभर तिला दारावरचा तो फिका पडदा डोळ्यांपुढे दिसला. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "पाण्यात रंग दिसेना, म्हणून ध्यानातच आलं नाही. शाई खाल्ली उन्हानं, तर पिवळ्याला सोडेल?"

साडेआठला केमिस्टबाई आल्या, तेव्हा बेसिनपाशी बासष्ट पांढऱ्या बाटल्या न ओतलेल्या आणि टेबलावर चौऱ्याऐंशी तपकिरी बाटल्या रांगेत.

"हे काय मावशी? खोकल्याचं दुकान काढलंत?"

मावशीने दोन चिठ्ठ्या शेजारीशेजारी धरल्या आणि सांगितलं. बाई ऐकता ऐकता खिडकीकडे बघायला लागल्या. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पण या औषधाच्या बाटल्या. आत आधीचं काही राहिलं असलं तर यंत्र वाटेल ते दाखवेल. साहेब मला दारात उभं नाही करणार."

"पहिल्या चार बाटल्या बघा," मावशी म्हणाली. "त्यांच्यावर नंबर नाही, फुली आहे. रंग सोडायच्या आदल्या दिवशीचं पाणी आहे ते. बाटल्या त्याच, घासणारे हात तेच. त्यांत काही निघालं, तर माझं धुणं खोटं. मी गप बसते."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षक अचानक हुशार निघालेल्या विद्यार्थ्याकडे बघतो. मग एप्रन चढवला आणि यंत्र सुरू केलं.

फुलीच्या चार बाटल्या: शून्य, शून्य, शून्य, शून्य.

"धुणं खरं," बाई म्हणाल्या.

एक नंबर, शून्य. दोन, शून्य. दहा, शून्य. एकोणीस, शून्य. मावशीने हात पदराखाली घट्ट धरले होते. बाविसावी बाटली, म्हणजे सहाव्या दिवसाची. यंत्रावर आकडा आला: तीन.

"तीन म्हणजे?" मावशीने विचारलं.

"तीन म्हणजे शून्य नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची बाटली उचलली.

तेविसावी सात. चोविसावी एकोणीस. तिसावी एकशेसहा. बाई आता बसेनात, उभ्यानेच बाटल्या घालत होत्या आणि आकडे मोठ्याने ओरडत होत्या, "एकशे चाळीस! मावशी, एकशे बासष्ट!" पस्तिसाव्या बाटलीला दोनशे अकरा झाले आणि मग आकडे हळूहळू उतरू लागले. रंग आला होता, भरात आला होता आणि शिस्तीत ओसरत होता. एखादा पाहुणा ठरल्या वेळी येऊन, पोटभर जेवून, निरोप घेऊन जावा तसा.

साहेब आले तेव्हा साडेनऊ झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, पण सही केलेला कागद मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "असल्या बाटल्या पद्धतीत बसत नाहीत," ते म्हणाले. "आणि उन्हानं रंग जातो, हा अंदाज झाला. पुरावा कुठाय?"

"खिडकीत," मावशी म्हणाली. "ऊन फुकट आहे साहेब. लावा की कसाला."

केमिस्टबाईंनी तिसाव्या बाटलीतलं पाणी दोन पांढऱ्या बाटल्यांत वाटून घेतलं. एक खिडकीत ठेवली, दुसरी काळ्या कापडात गुंडाळून ड्रॉवरमध्ये. साहेब खुर्ची ओढून तिथेच बसले. अकरा वाजता बाहेर सिमेंटची गाडी येऊन उभी राहिली. तिचा ढोल गरगर फिरत होता आणि त्या घरघरीने खोलीतले चमचे वाजत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मावशीने पाहिलं नाही. तिला ऊन कळत होतं.

साडेअकराला ड्रॉवरमधली बाटली यंत्रात गेली: एकशेपाच. मग खिडकीतली: बासष्ट.

साहेब उठले, फळ्यापाशी गेले आणि आपल्या हाताने एक-एक करून चारही टाचण्या काढल्या. कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि सिमेंटच्या गाडीवाल्याला हाताने खूण केली, परत जा. गाडीवाला खिडकीतून ओरडला, "अहो, ढोल भरून आणलाय! ओतू कुठं?"

"गेटजवळच्या खड्ड्यात ओत," साहेब म्हणाले. "दोन वर्षं सगळे त्यात आपटतायत."

पंपवाला बंद पंपांपाशी एकटाच बसला होता. साहेब चालत त्याच्यापर्यंत गेले, मागे बाई, मागे मावशी, आणि कामावरची निम्मी माणसं. साहेब म्हणाले, "पाच तास जास्त चालवलेत ते बरं झालं. भेग सरळ दोन नंबरलाच जाऊन भिडलीय. अहवाल मी चुकीचा लिहिला. नवा लिहितोय."

पंपवाला उभा राहिला. त्याने टोपी काढली, झटकली आणि परत घातली. मग म्हणाला, "पंप लावू का, साहेब?"

"लावा!"

आठही पंप एकामागून एक सुरू झाले. एक नंबरमध्ये थंड पाणी शिरू लागलं आणि दोन नंबरचा मोठा नळ पुरता उघडला. आधी नुसता श्वास टाकल्यासारखा आवाज, मग धडाधडा उकळतं पाणी आणि त्यावर पांढऱ्या वाफेचा लोट, घरापेक्षा उंच, झाडापेक्षा उंच. माणसं ओरडत मागे पळाली आणि हसत परत पुढे आली. केमिस्टबाईंनी मावशीच्या गळ्यात हात टाकले. त्या गडबडीत पंपवाला काट्याकडे बघत होता. मावशी जवळ आली, तसा तो तिच्या कानाशी ओरडला, "तरी तुला सांगत होतो! कडी काढल्यासारखा पडला होता काटा!"

"मी कुठं नाही म्हटलं होतं? बाटल्या म्हणाल्या होत्या!"

"कोणत्या बाटल्या?"

"तुमच्या साहेबांच्या. माझ्या नाही."

तो हसला तो असा, की शेजारच्या माणसांना वाटलं वाफ लागली.

चार महिन्यांनी तो रिटायर झाला; बोअर बुडवून नव्हे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर आता एक नियम चौकटीत लावलेला आहे: नमुने तपकिरी बाटलीत, दोन-दोन, कपाटात. खाली कारणही लिहिलं आहे. कारण लिहायलाच हवं, असा हट्ट केमिस्टबाईंचा. मांडणी खिडकीतून हलली आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी गरम पाण्यावरचं पहिलं जनित्र फिरलं. वीज पहिल्यांदा कुठे न्यायची यावर बरीच चर्चा झाली, पण साहेबांनी ती ऐकून घेतली नाही. प्रयोगशाळेत बेसिनच्या बरोबर वर एक नवा दिवा बसवला आणि भरदुपारी सगळ्यांना बोलावलं. पंपवालाही आला होता, घरचा सदरा घालून, टोपीशिवाय. साहेबांनी बटण मावशीपुढे केलं. "तुमच्या हातानं."

मावशीने बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. टेबलावर सकाळच्या चार बाटल्या होत्या.

"लावते," ती म्हणाली, "पण आधी त्या बाटल्या कुणीतरी आत ठेवा."

चार बाटल्या कपाटात गेल्या, कपाटाचं दार लागलं, आणि चार किलोमीटर खालच्या दगडाने बेसिनवर उजेड पाडला.